पाणीवाल्याच्या दहाव्याला मी बोललो

जिवंत माणसाला चांगलं म्हणायचं तर लोकांच्या जिवावर येतं. तोच माणूस गेला की त्यांना आवरत नाही. मी तीसेक वर्षं मुळशीतल्या वेगवेगळ्या गावांत ग्रामसेवक होतो, आणि जे काम कुठल्याही नियमात बसत नाही तेच मी नोकरीत सगळ्यात जास्त केलं. पुढाऱ्यांना भाषणं लिहून दिली. टाकीचं उद्घाटन, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाचा सत्कार, कुणाची शोकसभा. हलवायाला पेढे माहीत असतात तशी मला स्तुती माहीत आहे. दूध किती, साखर किती, आणि दूध नसेल तेव्हा काय घालायचं. हलवाई स्वतः पेढा खात नाही, अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती.

आमच्याकडे स्तुतीचा मोठा बाजार भरतो तो दहाव्याला. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर पिंड ठेवतात. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्याची काही इच्छा मागे राहिलेली नाही असं समजून लोक हात जोडतात आणि उठतात. विधी एवढाच. पण हल्ली कावळ्याच्या आधी माईक येतो. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, झाडाला बांधलेले दोन भोंगे आणि एक निवेदक. आधी महाराजांचं प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. पिंड तयार, घरचे लोक ओल्या धोतरात, आणि माईकवर कुणीतरी सांगत असतो की गेलेला माणूस अजातशत्रू होता. बांधावरून ज्यानं त्याला वीस वर्षं कोर्टात फिरवलं, तोच बहुधा हे सांगत असतो. पुढारी एका सकाळी तीन-तीन दहावे उरकतात. पांढऱ्या गाडीतून उतरायचं, चेहरा लांब करायचा, बोलायचं, पुन्हा गाडीत बसायचं. गाडीचं दार लागताना आतून हसण्याचा आवाज येतो. मी तो इतक्या वेळा ऐकलाय की आता नुसतं दार लागलं तरी मला तो ऐकू येतो.

पाणीवाल्याला या सगळ्याची माझ्याइतकीच किळस होती. तो ग्रामपंचायतीचा माणूस, नळाला पाणी सोडणारा. भरे गावापासून जवळच त्याचं गाव. मी तिथं सात वर्षं होतो. सायकलच्या दांड्याला व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी बांधलेली, पहाटे पाचला वरची आळी, पावणेसहाला खालची, साडेसहाला वस्ती. प्रत्येकाला पाऊण तास. सरपंचाला पाऊण तास, स्वतःच्या घरालाही पाऊण तास. गावाच्या वरच्या अंगाला पुण्याच्या लोकांनी बंगले बांधले, त्यात पोहायचे तलाव केले, आणि एकदा एक साहेब त्याच्याकडे पाकीट घेऊन आले. त्यानं पाकीट घेतलं नाही, उपदेशही केला नाही. म्हणाला, "तुमच्या बायकांना हंडे घिऊन लायनीत पाटवा. पाऊण तास."

एवढंच त्याचं चांगुलपण. त्यात गोष्ट करून सांगण्यासारखं काही नाही. रोज पहाटे उठायचं आणि कुणालाही पाच मिनिटं जास्त द्यायची नाहीत, हे छत्तीस वर्षं. असल्या गुणाचा सत्कार करता येत नाही, कारण सत्कार करणाऱ्याला कधी ना कधी त्या पाच मिनिटांची गरज पडलेली असते.

तेव्हाच्या सरपंचाला पडली होती. त्याच्या पुतण्याचं लग्न होतं, दारात मांडव, हजार पाव्हणे. पाणीवाल्यानं पाऊण तासानंतर व्हॉल्व्ह फिरवला. सरपंचानं त्याला तीन महिने घरी बसवलं. कामात हयगय असा ठराव केला. तो ठराव मी लिहिला. नीट, वळणदार अक्षरात. पाणीवाल्यानं याबद्दल मला कधी टोमणा मारला नाही. परत कामावर आला त्या दिवशी एवढंच म्हणाला, "अक्षर झ्याक हाय तुमचं, भाऊसाहेब." ग्रामसेवकाला गावात सगळे भाऊसाहेबच म्हणतात.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं दहाव्यांना बरोबर जायचो. न जाऊन चालत नाही. कोण आलं नाही याची आठवण लोक कोण आलं यापेक्षा जास्त ठेवतात. मागच्या रांगेत बसायचो. आमचा एक खेळ होता. भाषणात 'कधीही भरून न येणारी पोकळी' आली की त्यानं गुडघ्यावर ठेवलेल्या हाताचं एक बोट हळूच वर करायचं. दुसरी पोकळी, दुसरं बोट. नंतर पिरंगुटच्या चौकात चहा.

"आज पाच झाल्या," तो म्हणायचा. "येवढ्या पोकळ्या पडाय लागल्या तर गाव खचंल एक दिस."

अशाच एका चहाच्या वेळी तो म्हणाला, "माझ्या दहाव्याला भोंगा न्हाई लावायचा. कुणीबी बोलायचं न्हाई. तुमी बघायचं त्ये."

"मी आधी गेलो तर?"

"तुमच्या दहाव्याला मी कावळ्याला आवतान दिईन. पर आधी शबूद द्या."

मी हसत हसत शब्द दिला. चहाच्या टपरीवर दिलेल्या शब्दाचं काय ओझं, असं मला वाटलं.

गेल्या थंडीत त्याच्या फुप्फुसात पाणी झालं. जन्मभर दुसऱ्यांना पाणी सोडलं, आता माझ्यात साठलंय, असं तो पुण्याच्या दवाखान्यात नर्सला सांगून हसवत होता. मी शेवटचा भेटलो तेव्हा मात्र हसवत नव्हता. नाकात नळी होती. उशाशी वहिनी, म्हणजे त्याची बायको, बसली होती.

"ध्यानात हाय न्हवं, भाऊसाहेब?"

"काय?" मी विचारलं. मला माहीत होतं काय ते.

"भोंगा."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. कमी बोलणारी बाई. पण जे ऐकते ते ठेवते. "मीबी ऐकलंय," ती म्हणाली. "शबूद दिलाय तुमी."

"दिलाय," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी तो गेला.

मी तिसऱ्याला घरी गेलो आणि मुलाला बाजूला घेतलं. मुलगा पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि येत्या निवडणुकीत ग्रामपंचायतीला उभं राहायचं त्याच्या मनात आहे. ही दुसरी गोष्ट त्यानं सांगितली नव्हती, पण त्यानं लावलेल्या फ्लेक्सनं सांगितली. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये पाणीवाला, खाली शोकाकुल म्हणून चाळीस तोंडं, त्यातल्या सहा जणांच्या डोळ्यांवर गॉगल. पाणीवाल्याचा टोपीतला फोटो त्यांना गरिबीचा वाटला असावा. टोपी काढून त्याला फेटा चढवला होता आणि मानेखाली दुसऱ्या कुणाचा तरी कोट डकवला होता. कोटाच्या खिशात पेन होतं. या माणसानं जन्मात एकच वस्तू खिशात ठेवली, ती तंबाखूची पुडी.

"भाषणं नको होती त्यांना," मी म्हणालो.

"काका, माणसं लांबून येणारेत. आमदारसाहेब टाइम काढून येणारेत. त्यांना काय तोंड दाबून बसा म्हणू?"

"वडलांची इच्छा होती."

"इच्छा हाय त्ये मान्य हाय मला. पर गावाला काय वाटंल? बापाच्या दहाव्याला दोन शबूद बोलाय कुणी न्हवतं, आसं म्हणतील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमीच बोला की. तुमी लई छान बोलता. आप्पांना आवडलं आसतं."

मी तिथं ठाम उभा राहायला हवं होतं. वहिनी आतल्या दारात होती. ती फक्त माझ्याकडे बघत होती. मी मुलाला म्हणालो, "बघू." गावात 'बघू' म्हणजे काय होतं हे ठराव लिहिणाऱ्याला चांगलं कळतं. पण घरी येताना मी मनाशी एक युक्ती जुळवली. माईक हातात घ्यायचा, एकच वाक्य बोलायचं: त्यांना भाषणं नको होती, तेव्हा आपण सगळे गप्प बसू या. झालं. माझा शब्दही राहील आणि मुलाची लाजही.

दहाव्याच्या सकाळी घाटावर चारशे-पाचशे माणूस होतं. नदीला पाणी कमी, त्यावर निर्माल्य आणि चहाचे कागदी कप. पिंड पायरीवर ठेवले, पानावर त्याच्या आवडीचं पिठलं आणि भाकरी. पलीकडच्या उंबरावर सात-आठ कावळे येऊन बसले. शहाणे असतात, मांडव दिसला की त्यांना कळतं. तेवढ्यात माईकवाल्यानं भोंगा तपासायला "हॅलो, हॅलो, चेक" केलं आणि सगळे उडाले.

महाराजांनी मृत्यू अटळ आहे हे पाऊण तास सांगितलं. त्यात दोनदा स्वतःच्या पुढच्या कार्यक्रमांच्या तारखा आल्या.

मग तो माजी सरपंच उठला, ज्यानं पाणीवाल्याला तीन महिने घरी बसवलं होतं. माईक धरला आणि रडला. खरं पाणी. मी जवळून बघितलं, म्हणून सांगतो. "माझा सख्खा भाऊ गेला," म्हणाला. "त्याच्या कामात एक दिवस हयगय झाली न्हाई." हयगय, हाच शब्द मी त्याच्या सांगण्यावरून ठरावात लिहिला होता. माणूस खोटं बोलत असता तर मला एवढं काही वाटलं नसतं. त्या क्षणी त्याला ते खरंच वाटत होतं. तो ठराव विसरून गेला होता, आणि विसरल्यामुळे त्याचा चेहरा अगदी निर्मळ झाला होता. शेवटी त्यानं जाहीर केलं की गावाच्या टाकीला पाणीवाल्याचं नाव देणार.

तेवढ्यात पांढऱ्या गाड्या आल्या. निवेदकानं त्याला मध्येच थांबवून "आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे" म्हटलं. आमदारसाहेब थेट माईककडे गेले. त्यांचा आधीचा दहावा नेरे गावात होता आणि पुढचा अजून कुठं तरी. कागद बहुधा गाडीत बदलला.

"या माउलीनं," ते म्हणाले, "चुलीपुढं डोळे जाळून लेकरं वाढवली. अशा मातोश्री आता होणे नाही."

पाचशे माणसांतून एक आवाज निघाला नाही. मुंडण केलेला मुलगा खाली बघत होता. गुरुजींनी पळी ताम्हनात ठेवली. साहेब आणखी चार मिनिटं मातोश्रींवर बोलले, तिच्या हातच्या भाकरीवर बोलले, आणि हात जोडून निघाले. निवेदक जातिवंत होता. त्यानं लगेच माईक घेतला आणि म्हणाला, "साहेबांनी आपल्या भाषणातून समस्त मातृशक्तीला वंदन केलं." लोकांनी माना हलवल्या. मला वाटलं, आपण या प्राण्यांबरोबर आयुष्य काढलं.

साहेब निघाले तसा निवेदक म्हणाला, "आता आपले आदरणीय भाऊसाहेब दोन शब्द व्यक्त करतील."

मी उठलो. वहिनी पायरीवर बसली होती. तिनं पदर नीट केला, आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैलावला. आता हे थांबणार, हे तिला माहीत होतं.

मी माईक घेतला आणि ठरवलेलं वाक्य बोललो. "पाणीवाल्यांना आपल्या दहाव्याला भाषणं नको होती."

शांतता झाली. किती चांगली शांतता होती. आमदारांच्या वेळची शांतता वेगळी. ही माझी होती. पाचशे माणसं माझ्याकडे बघत होती. एवढ्या माणसांनी माझ्याकडे याआधी कधी बघितलं नव्हतं; मी लिहिलेलं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकताना ती त्या दुसऱ्यांकडे बघायची. मला वाटलं, का नको होती तेवढं सांगावं. ते सांगायचं तर पोकळीचा किस्सा सांगायला हवा. सांगितला. लोक हसले. दहाव्याला हसले! मग पाकीटवाल्या साहेबांचा सांगितला, हंड्यांच्या लायनीचा. आणखी हसले. मग मी गंभीर झालो. कुठं थांबून आवाज खाली आणायचा हे मला माहीतच आहे. पाऊण तासाच्या न्यायावर बोललो. माजी सरपंचाकडे न बघता सत्तेच्या मस्तीवर बोललो, आणि माजी सरपंच मान डोलावत होता. ढोंगावर बोललो, मोठेपणाच्या हावेवर बोललो. माईकला एक घरघर असते, ती आपल्याच छातीतून निघतेय असं वाटायला लागतं. हलवायानं त्या सकाळी परात रिकामी केली.

आणि शेवट करताना, अगदी सहज, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, मी म्हणालो, "त्यांच्या जाण्यानं गावात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे."

माझे डोळे आपोआप मागच्या रांगेकडे गेले. एक बोट वर व्हायला हवं होतं.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी खाली उतरलो. निवेदक कानात म्हणाला, "पंचवीस मिनिटं, भाऊसाहेब! कुणी हाललं न्हाई." आमदार सात मिनिटं बोलले होते. सबंध सकाळीत महाराजांखालोखाल जास्त मी बोललो होतो.

मी वहिनीजवळून गेलो. ती वर न बघता म्हणाली, "झालं का तुमचं?"

पंचवीस मिनिटांत सगळं बोलून झालं होतं.

मग सगळे कावळ्याची वाट बघायला लागले. कावळे परत येऊन उंबरावर बसले, पण खाली उतरेनात. निवेदक माईकवरून सांगत होता, "कृपया शांतता राखावी, काकस्पर्शाची वेळ आहे," आणि प्रत्येक वेळी त्या आवाजानं ते एक फांदी वर सरकत होते. अर्धा तास गेला. रीतीप्रमाणे लोक गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखायला लागले.

"आप्पा, वरचा मजला पुरा करतो," मुलगा हात जोडून म्हणाला. कावळा नाही.

"नातवाला चांगल्या शाळेत घाला म्हणत व्हता," कुणी पाव्हणा म्हणाला. कावळा नाही.

माजी सरपंचानं माईकच मागून घेतला. "टाकीला तुझंच नाव देतो, गड्या, गावासमोर शबूद देतो!" एक कावळा उडून पार पलीकडे गेला.

त्याची इच्छा काय होती हे मीच माईकवरून सांगितलं होतं, पण माझ्या किश्श्यांत लोक ते विसरले; आता ते त्या घाटावर तीनच माणसांच्या लक्षात होतं. मुलानं ती निवडणुकीसाठी मोडली होती. मी टाळ्यांसाठी मोडली होती. मला तर त्या टाळ्या येतील हेही आधी माहीत नव्हतं, म्हणजे माझी किंमत आणखी कमी.

गुरुजींना पुढचा विधी होता. त्यांनी दर्भाचा कावळा करून ठेवला होता. खरा येत नसला की तो पिंडाला लावतात आणि मोकळं होतात. "घेऊ का लावून?" त्यांनी मुलाला विचारलं.

"थांबा, गुरुजी," वहिनी म्हणाली. ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. माईकवाल्याकडे गेली. "बंद कर ते."

"मावशी, अजून आभारप्रदर्शन राहिलंय."

"आभार मानायचं तर मी मानंन. बंद कर म्हणती न्हवं."

त्यानं मुलाकडे पाहिलं. मुलगा धोतराचा सोगा पिळत राहिला. माईकवाल्यानं बटण दाबलं. भोंग्यातून एक टक आवाज आला आणि मग नदी ऐकू यायला लागली. इतका वेळ ती वाहत होती हे मला कळलंच नव्हतं.

"सगळी जेवाय चला," वहिनी म्हणाली. "घरापुढल्या मांडवात पानं वाढल्यात." लोकांना तेवढंच हवं होतं. खुर्च्या सरकल्या, घाट रिकामा झाला. मीही निघालो, तर ती म्हणाली, "तुमी न्हाई. तुमी हितं बसा. तोंड मिटून."

मी बसलो. ती एका पायरीवर, मी दोन पायऱ्या वर, मुलगा आणि गुरुजी पिंडापाशी. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या मनात तीन वाक्यं तयार झाली: क्षमा मागणारं एक, समजावणारं एक, आणि एक चांगलं वाक्य, जे मला कुठंतरी वापरता आलं असतं. एकही मी बोललो नाही. ते सोपं नव्हतं, हे लिहिताना मला लाज वाटते.

पुष्कळ वेळानं एक कावळा उतरला. दोन उड्या मारून थांबला, मान तिरकी करून त्यानं माझ्याकडे बघितलं, भाकरीचा तुकडा उचलला आणि गेला. मी या गोष्टी मानत नाही. गोंगाट थांबला होता, त्याला भूक होती, भाकरी समोर होती. पण वहिनीनं डोळे मिटले, आणि तिचे खांदे दहा दिवसांनी खाली आले, ते मी बघितलं.

जाताना तिनं वळून मला एवढंच म्हटलं, "पिठलं गार झालं आसंल. चला."

त्या घटनेला चार महिने झाले. मुलानं माझं भाषण मोबाइलवर घेतलं होतं, ते गावोगाव फिरलं. परवा सूसहून एकाचा फोन आला. वडील वारलेत, रविवारी दहावा आहे. "भाऊसाहेब, तुमच्यासारखं मनापासून बोलणारा माणूस पाहिजे. भाषणबाजी नको." मी नाही म्हणालो. स्पष्ट नाही म्हणालो.

पण नाही म्हणण्याआधी मी विचारलं होतं, माणसं किती येतील.